सोयाबीनच्या पोत्यांवर दोन विहिणी

सुटले बाई एकदाची! प्रवासवर्णनाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. पण माझ्या जिवाला इतके दिवस जो घोर होता, तो तुमच्या जिवाला कशाला लावू? म्हणून आधीच सांगते. लेक सुखरूप आहे, बाळ सुखरूप आहे आणि मी चिपळूणला माझ्या पिठाच्या गिरणीत परत येऊन बसले आहे. आता निवांत ऐका.

माझी मंजिरी आयुर्वेदाची डॉक्टर. शिकायला नांदेडला गेली आणि तिथंच बिलोलीचा संदीप पसंत करून बसली. नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, ना वाजंत्री ना रुखवत. जावई आता लातूरला नोकरीला आहेत, शनिवार-रविवार घरी येतात. मंजिरी शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका खेड्यात, सरकारी आरोग्य उपकेंद्रात. गावाचं नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही.

दिवाळीत तिचा फोन आला. "आई, मी बाळंतपणाला चिपळूणला येणार नाही. इथंच, माझ्या उपकेंद्रात होणार." मी आधी गिरणी बंद केली आणि मग ओरडले. गिरणीवाल्या बाईचा आवाज तसाही मोठाच असतो, त्या दिवशी तो बाजारपेठेपर्यंत गेला असेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. मी म्हटलं, ही कारटी फोनवर ऐकायची नाही, जाऊन उचलूनच आणली पाहिजे. गिरणी भाच्याच्या गळ्यात घातली, डिंकाचे लाडू वळले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली आणि निघाले.

नांदेड

गाडीतलं काही सांगत नाही, सगळ्यांची गाडी सारखीच. नांदेडला उतरले तेव्हा सकाळ होती आणि थंडी अशी कोरडी, की स्टेशनाबाहेर येईस्तोवर माझे ओठ फुटले. आमच्याकडची थंडी दमट, गोधडीत शिरते. इकडची थंडी कातडं ओढते. चहावाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि न मागता कपात आलं जास्त घातलं.

"कुठल्या, माय?"

"चिपळूणच्या."

"लई लांबून आल्या की! तिकडं समुद्र हाय म्हंतेत."

"चिपळूणला नाही रे, जरा पुढे आहे."

"आमाला सगळं सारखंच," म्हणून तो हसला आणि त्यानं पैसे घेतले नाहीत. भल्या सकाळी कुणी फुकट चहा पाजावा अशी सवय कोकणातल्या माणसाला नाही. आम्ही फार तर विचारतो, चहा पिऊन आलात ना?

बिलोलीच्या एसटीत घोटाळा झाला. पिशवीत कोकमाच्या आगळाची, म्हणजे खारवलेल्या रसाची, बाटली होती, तिचं बूच ढिलं झालं. आगळ दुपट्यांवर सांडलं आणि पिशवीच्या बुडातून थेंब थेंब गळायला लागलं. लालभडक. शेजारची बाई किंचाळलीच. कंडक्टर धावत आला, त्यानं गाडी थांबवायला घंटी मारली आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "मावशी, कुठं लागलं? दवाखान्यात न्यायचं का?" मी बोट बुडवून त्याला चाटून दाखवलं. तेव्हा तर तो आणखीच घाबरला. शेवटी अख्ख्या गाडीला आगळाचा एकेक थेंब चाखवला, तेव्हा कुठं गाडी हलली.

बिलोली

माझ्या विहीणबाई रुक्मिणबाई म्हणजे उभ्या-आडव्या भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलणं कापूस पिंजल्यासारखं भरभर. तेलंगणा तिथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे दर दोन वाक्यांमागं एक 'अय्यो' ठरलेलं.

"अय्यो, किती वाळल्या हो तुमी! बसा की. आधी जेवून घ्या, मंग भांडू आपण."

खरंच तसंच झालं. त्यांनी अंबाडीची भाजी वाढली, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. भाकरी इतकी पातळ आणि पांढरी, की मी आमच्या तांदळाच्या भाकरीशी मनातल्या मनात तुलना करून गप्प बसले. हार मानायची नव्हती. पोटभर जेवल्यावर त्यांनी विषयाला हात घातला.

"पयलं बाळंतपण तुमचं, हे खरं हाय. मी न्हाई म्हनत न्हाई. पर चिपळूण लई लांब. त्या अवस्थेत पोरीला एवढं हादरत न्यायचं व्हय? त्यापरीस बिलोलीला आणू. दवाखाना हाय, मी हाय."

"आणि मी काय गिरणीत दळत बसू?"

"तुमी बी ऱ्हावा की! घर काय लहान हाय का?"

आम्ही तास-दीड तास भांडलो आणि एका गोष्टीवर एकमत झालं. पोरीनं त्या खेड्यात बाळंत व्हायचं नाही. चिपळूण की बिलोली, ते मागाहून बघू. आधी दोघी मिळून तिला तिथून काढू. दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणबाईंनी पिशवीत सुपारी, मेथीचे लाडू आणि एक नवं लुगडं भरलं आणि आम्ही देगलूर, उदगीर करत शिरूर अनंतपाळला पोचलो.

गाव

शिरूरच्या स्टँडवर आम्हाला घ्यायला रहीमभाईंची जीप उभी होती. रहीमभाई मूळचे औशाचे, सासुरवाडीच्या गावात येऊन गॅरेज टाकलेले. पन्नाशीचा माणूस, दाढीला मेंदी, शर्टाला ऑइल. जीपच्या काचेला हिरवी फडकी बांधलेली दिसली, म्हणून विचारलं की ही कसली खूण.

"ही पाळीची, मावशी. या हप्त्यात दवाखान्याची पाळी माझी. ज्याच्या घरी गाडी हाय त्याला एकेक हप्ता. सरकारी अॅम्ब्युलन्स येती, पर तिला यायला टाइम लागतो. तवर बसून राहायचं का? पाळीवाल्यानं गाव सोडायचं न्हाई, फार तर शिरूरपस्तोर. लगीन असो, मयत असो, न्हाई म्हंजी न्हाई."

"आणि सोडलं तर?"

"कामून सोडंल? उद्या त्याच्या बी घरात कुणाला तरी कळा येतीलच की."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर होती आणि हरभरा गुडघ्याच्या खाली. माती काळी, तडे गेलेली. आमच्याकडे डोंगर डोळ्यांसमोरून हलत नाहीत, इथं डोळ्यांना अडवायला काहीच नाही. मला आधी ते ओकंओकं वाटलं, मग बरं वाटायला लागलं.

गावात शिरलो तशी मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. "मॅडमच्या आई आल्या न्यायला!" कुणीतरी आरोळी ठोकली. एक पांढऱ्या पटक्याचे म्हातारे हात जोडून पुढे आले. ते तानाजीकाका, गावच्या दवाखाना समितीचे प्रमुख. चेहरा असा फुललेला, जणू मी त्यांच्याच लेकीला न्यायला आले होते.

"बरं झालं, लई बरं झालं. पयलं बाळंतपण म्हंजी माहेरलाच. आता आमाला बी पोत्यांची घाई न्हाई."

कसली पोती ते मला कळेना. उपकेंद्राच्या पायरीवर मंजिरी उभी होती. पोट पुढे, हात कमरेवर, आणि चेहरा पडलेला. आईला इतक्या दिवसांनी बघून लेकीचा चेहरा पडावा, हे काही मला झेपलं नाही.

"आई," ती म्हणाली, "तू आलीस आणि माझं सगळं फिसकटवलंस."

मग तिनं बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत सोयाबीनची पोती होती. जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. बाळंतपणाचं टेबल पोत्यांच्या मागं भिंतीला टेकून उभं केलेलं, फक्त त्याचे पाय दिसत होते. मी सवयीनं एका पोत्यात हात घातला. दाणा टपोरा, खडखडीत वाळलेला.

"माल चांगला आहे गो," मी म्हटलं. मंजिरीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी हात झटकला.

चहा पिता पिता सगळी हकिकत कळली. सरकारनं इमारत दिली, पगार देतं, औषधं पाठवतं, वर्षाला थोडा निधीही येतो. पण वीज गेली तर दिवा कशावर लावायचा, पाण्याच्या टाकीची गळती कुणी काढायची, जीपच्या डिझेलचं काय, हे निधीत बसत नाही. तेव्हा गावानं आपली युक्ती काढली. पूर्वी खळ्यावर रास झाली, की सुताराची, लोहाराची, कुंभाराची पायली आधी बाजूला निघायची. आता ती माणसं शहरात गेली. मग समितीनं ठरवलं, की ज्याची रास होईल त्यानं दवाखान्याची पायली आधी बाजूला काढायची. सोयाबीन असो नाहीतर तूर. ज्याला शेत नाही त्यानं हात द्यायचे. रंग लावायला, गवत काढायला, खिडकीचे पडदे शिवायला. मला ऐकून कौतुक वाटलं. आमच्या चिपळुणात अशी वर्गणी काढायची म्हटली, तर आधी अध्यक्ष कोण यावरून दोन तट पडतील.

यंदा पायल्या भरपूर निघाल्या. धान्य ठेवायला ओल नसलेली, फरशीची, लोखंडी दाराची खोली गावात एकच. बाळंतपणाची. समितीनं पोती तिथं लावली. विकायची आणि बॅटरी-इन्व्हर्टर आणायचा, असं ठरलं होतं. पण सोयाबीनचा भाव पडला. आणि शेतकऱ्याच्या हातून पडत्या भावात माल सुटत नाही, मग तो स्वतःचा असो की दवाखान्याचा.

"भाव येऊ द्या, मग विकू, म्हणतात," मंजिरी सांगत होती. "मी म्हटलं खोली रिकामी करा. तर म्हणतात, मॅडम, तसं बी हितं बाळंत होऊन राहिलंय कोण? अगं, खोलीत पोती आहेत म्हणून कोणी येत नाही आणि कोणी येत नाही म्हणून पोती आहेत! शेवटी मी सांगितलं, मीच इथं बाळंत होणार. दिवस भरायच्या आत खोली मोकळी पाहिजे. आता कुठं जरा हलायला लागले होते. तेवढ्यात तू आलीस, पिशव्या घेऊन."

"अगो, पण काही कमी-जास्त झालं तर?"

उत्तर दिलं ते शाहीन सिस्टरनं. ही त्या उपकेंद्राची नर्स, कोपऱ्यात बसून औषधांच्या पट्ट्या लावत होती. "मावशी, सोनोग्राफी लातूरला झालीय, बाळ सरळ हाय, रक्त चांगलं हाय. मला जरा जरी शक आला, तर मी ठेवून घेणारच न्हाई. जीप दारात हाय. पर सगळं चांगलं असताना बी बायकांनी ऐन वेळेला पळत सुटायचं? मागच्या साली एक बाई रहीमभाईच्या जीपमधीच बाळंत झाली, रस्त्यात, बाभळीखाली. पोरगं वाचलं, अल्लाची मेहरबानी."

मंजिरी हळू आवाजात म्हणाली, "आई, मी चिपळूणला पळाले तर या बायकांना कुठल्या तोंडानं सांगू, की इथं या?"

राग तर मावेना. माझ्याच वळणावर गेलेली पोर, तिच्याशी काय भांडणार?

रुसवा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेले. रुक्मिणबाई सोबत होत्याच. मी तानाजीकाकांना म्हटलं, "लेकीला न्यायला आले होते. आता नेत नाही. ती इथंच बाळंत होईल. पोती हलवा."

काका हसले. "हलवू की, ताई. पुढच्या हप्त्यात भाव येतोय म्हंतेत."

"भाव थांबेल हो काका, बाळ थांबत नसतं."

"उद्या बघू." एवढं म्हणून ते रुक्मिणबाईंकडे वळले आणि जी चूक करायची नाही नेमकी ती करून बसले. "बायांना बाजारातलं काय कळतंय? तुमी चहा घ्या, जेवा, आराम करा."

रुक्मिणबाई ताठ झाल्या. तरातरा उपकेंद्रात गेल्या, खोलीचं दार उघडलं आणि पदर खोचून पोत्यांवर चढून बसल्या. मी मागोमाग.

"अहो, काय करताय?"

"रुसले," त्या म्हणाल्या. "मी वरमाय हाय. पोरानं कचेरीत सही करून लगीन केलं, माझं रुसायचं ऱ्हाऊनच गेलं. ते आता करते. बसा तुमी बी. पाणीसुद्धा घ्यायचं न्हाई ह्या गावचं."

काल हीच बाई सुनेला बिलोलीला न्यायला निघाली होती. "म्हणजे तुम्हालाही ती इथंच पटली?"

"ते कालच पटलं. जीपमधी बाळंत झालेली ती बाई ऐकली न्हवं, तवाच." आणि त्यांनी मला हात देऊन वर ओढलं.

वरमाय रुसली, की लग्नघर कसं हवालदिल होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. इथं तर सगळं गावच लग्नघर झालं. मॅडमची सासू आणि आई, दोघी विहिणी, आपल्या गावात उपाशी बसल्यात! बातमी घराघरात फिरली. आधी बायका आल्या, चहा घेऊन. नाही. मग सुसला आला, मुरमुऱ्याचा, वर कोथिंबीर, वास असा सुटलेला, की माझ्या पोटात कावळे कोकलायला लागले. रुक्मिणबाईंनी मला कोपरानं ढोसलं. नाही. मग पुरणपोळी आली. सविता नावाची एक पोरसवदा सून आली, सातवा-आठवा महिना असावा, ती लाजत म्हणाली, "माझं माहेर औशाला. माय येणार हाय न्यायला. पर तुमी अशा उपाशी बसल्या तर माझ्या घशाखाली घास जाईना." रुक्मिणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण खाल्लं काही नाही.

दुपारपर्यंत गाव हडबडलं. रहीमभाईंनी शिरूरच्या स्टँडवर सांगितलं, तिथून आजूबाजूच्या गावांना कळलं. शेवटी तानाजीकाकांची बायको आली. तिनं आम्हाला काहीच म्हटलं नाही. दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं नवऱ्याला बोलली, "विहिणी उपाशी ठेवून भाव बगून राहिले का तुमी? चार पोरी हायत आपल्या घरात. उद्या कोण देईल ह्या गावाला पोरगी, का कोण करील?"

काकांनी पटका काढला, पुन्हा बांधला आणि आरोळी दिली, "टेम्पो आणा रे!"

पोती बाहेर पडायला लागली. शेतवाले, बिनशेतवाले, पारावरचे रिकामटेकडे, सगळे लागले कामाला. आम्हाला खाली उतरवायला मात्र कोणी धजेना. आम्ही बसलेली पोती तेवढी शेवटपर्यंत राहिली. मग काका स्वतः ताट घेऊन आले आणि म्हणाले, "चुकलं माझं. आता जेवा, माय." रुक्मिणबाईंनी ताटातला एक घास आधी त्यांना भरवला आणि मग आम्ही दोघींनी सुसल्याचा आणि पुरणपोळीचा जो फडशा पाडला, त्याचं वर्णन न केलेलंच बरं.

लातूर

सोयाबीनच्या टेम्पोबरोबर तानाजीकाका आणि मी लातूरला गेलो. मी जाणारच होते, धान्याचं आहे म्हटल्यावर मला कोण अडवणार? लातूरचा मोंढा म्हणजे धान्याचा समुद्रच. पिवळे ढीग, हमालांच्या आरोळ्या, हवेत भुस्सा. गिरणीच्या बाईला तो वास ओळखीचा, मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आडत्यानं मूठभर सोयाबीन हातावर घेऊन नाक मुरडलं, ओलावा आहे म्हणाला. मी एक दाणा दाताखाली फोडून त्याच्यासमोर धरला. "हा कट्कन आवाज ओल्या दाण्याचा असतो का हो?" तानाजीकाका त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे हसले.

बॅटरी, इन्व्हर्टर आणि टेबलासाठी नवी गादी घेऊन परत निघालो. रस्ता खडबडीत म्हणून काकांनी गादीची गुंडाळी मांडीवर घेतली होती. खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, मळंल की. एक सांगून ठेवते, पुढच्याच आठवड्यात सोयाबीनचा भाव वर गेला. माझ्या निघण्याच्या दिवसापर्यंत काका मला रोज तो भाव सांगत होते आणि मी रोज म्हणत होते, "हो काका, माझीच चूक."

येळवस

मार्गशीर्षातली अमावास्या. आपण तिला वेळा अमावास्या म्हणू, तिथं येळवस. त्या दिवशी लातूरकडची गावं रिकामी होतात. लेकुरवाळ्या, म्हातारेकोतारे, सगळे शेतात. कडब्याची खोप करून पूजा, आंबिलीचं मडकं, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगांची, भाज्यांची बेसनात शिजवलेली एक दाट भाजी. मी चाखली आहे, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या पोपटीवर वाढलेल्या माणसाला ती आवडल्याशिवाय राहत नाही. पाहुण्याला हाताला धरून ह्या शेतातून त्या शेतात नेतात आणि प्रत्येक ठिकाणी जेवायला लावतात.

आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी मंजिरीच्या पोटात दुखायला लागलं. गावात चिटपाखरू नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर आले तर दारात रहीमभाईंची जीप उभी, तोंड रस्त्याकडे, काचेला हिरवी फडकी.

"रहीमभाई, तुम्ही कसे? तुमचा आठवडा तर संपला ना?"

"येळवशीचा दिवस माझाच असतो, मावशी. काका लोकं शेतात जातेत. ईदला माझी पाळी काका घेतेत. ते काय लिहिलेलं न्हाई, तसंच हाय. तुमी आत बसा, फिकीर करू नका."

फिकीर करू नका म्हणे! दारापाशी मी आणि रुक्मिणबाई एकमेकींचा हात धरून बसलो. मी रामरक्षा म्हणत होते, त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटत होत्या. आत शाहीन सिस्टरचा आवाज, शांत. "हां, असंच. घाई न्हाई. श्वास घ्या, मॅडम." मध्येच वीज गेली. पण दाराखालच्या फटीतून उजेड तसाच येत राहिला, नुसती बारीक गुणगुण ऐकू आली. इन्व्हर्टर! ती गुणगुण मला त्या क्षणी देवाच्या आरतीहून गोड वाटली, आणि हे मी अगदी खरं सांगते.

दुपारी, शेतांवर पंगती बसायच्या वेळेला, बाळ रडलं. सिस्टर बाहेर आली, घामानं भिजलेली, हसत. "मुलगी. दोघी बी मस्त." रुक्मिणबाई माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. मी पण रडले, मला रडायची लाज नाही. रहीमभाईंनी गाडीचा हॉर्न वाजवला तो वाजवतच राहिले. कुठल्या कुठल्या शेतातून आरोळ्या उठायला लागल्या. संध्याकाळपर्यंत उपकेंद्राच्या पायरीवर आंबिलीची इतकी मडकी जमली, की मला पाय ठेवायला जागा राहिली नाही. जावई लातूरहून आले ते सगळं उरकल्यावर. आल्या आल्या विचारतात, "काही मदत करू का?" पुरुषाची जात!

निघताना

बारसं झालं आणि मी पिशव्या भरल्या. लाल डागांची दुपटी तिथंच ठेवली, बाळाला त्याचं काय? शेवटच्या सकाळी पायरीवर लेकीच्या केसांना तेल लावत बसले होते, तर जीप येऊन थांबली. त्यातून एक बाई उतरली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, वरून डिंकाच्या लाडवांचा डबा दिसत होता. सविताची आई, औशाहून लेकीला न्यायला आलेली. सविता पुढे झाली आणि नजर खाली घालून म्हणाली, "माय, मी हितंच ऱ्हाते म्हंते."

त्या बाईचं तोंड बघून मला माझंच तोंड आठवलं. ती मला म्हणाली, "तुमीच का हो मॅडमच्या आई? तुमी बी न्यायलाच आल्ता ना?"

"न्यायलाच आले होते."

"मंग?"

मी तिचा हात धरला आणि आत नेलं. तिचा हात धरला आणि आत नेलं. सिस्टरनं खोली पुसून ठेवली होती. ती बाई दारात जरा थांबली. मग टेबलाजवळ गेली आणि तळव्यानं गादी दाबून बघितली. पाण्याचा नळ सोडला, बंद केला. भिंतीवरचं बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. पुन्हा लावला. कोपऱ्यात वाकून बघितलं, तिथं पोत्यातून सांडलेला सोयाबीनचा एक दाणा राहिला होता. तो तिनं उचलून खिडकीतून बाहेर टाकला.

मग ती दारापाशी आली आणि हाक मारली, "रहीमभाऊ, माझी वळकटी बी उतरवा. आमी ऱ्हातोत हितंच."